मोरीची जागा

घर दुरुस्तीला काढण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला आमचा पुढील अनुभव नवा वाटणार नाही. आमच्या घरातील न्हाणीघर अरुंद, आणि संडास त्याला लागूनच. मधली भिंत काढावी, संडासाचे भांडे पलीकडच्या कोपऱ्यात न्यावे, हात धुण्याचे भांडे खिडकीशी आणावे, असा बेत आम्ही कागदावर आखला. कागदावर रेघा ओढायला पैसे पडत नाहीत. त्यामुळे बेत उत्तम साधला. नळकाम करणारे वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी कागद पाहिला, मग जमीन पाहिली आणि म्हणाले, "पाणी म्हणाल तिथं आणून देतो. घाण कुठं न्यायची ते आधी ठरवा."

हा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. पुढे थोडे वाचन केले तेव्हा असे दिसून आले की, त्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न आमच्या घरापुरता नव्हताच. माणूस वस्ती करून राहू लागला तेव्हापासून प्रत्येक घराला, प्रत्येक पेठेला आणि प्रत्येक नगराला तो विचारला गेला आहे. इतिहास लिहिणारे बहुधा वाड्याच्या दर्शनी दरवाजाने आत शिरतात आणि दिवाणखान्यात बसतात. आम्ही आज मागील दाराने शिरणार आहोत. वाचकांनी नाकाला पदर लावण्याचे कारण नाही. विषय घाणीचा असला तरी तो शेवटी माणसांचाच आहे.

प्रथम त्या प्रश्नातील शास्त्र समजून घेऊ. नळाने येणाऱ्या स्वच्छ पाण्याच्या पाठीशी दाब असतो. माळ्यावरच्या टाकीतून ते पाणी खाली येते, भिंतीतून वळते, वर चढते, अर्ध्या इंचाच्या नळीतूनही धावते. वापरलेल्या पाण्याला असा कोणी पाठीराखा नाही. त्याला केवळ उतार चालवतो. चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट उतार असावा, असा कारागिरांचा जुना ठोकताळा आहे. नळ सहा इंची असेल तर साठ फुटांत एक, नऊ इंची असेल तर नव्वद फुटांत एक. उतार फार कमी झाला तर मैला वाटेत बसतो. आता संडासाचे भांडे उभ्या नळापासून दहा फूट लांब न्यायचे ठरले, तर या हिशेबाने तीन इंचांचा उतार द्यावा लागतो. त्यात नळाची स्वतःची जाडी आणि भांड्याखालचे वळण धरले की, एवढी खोली जमिनीच्या पोटात मिळाली पाहिजे. ती मिळाली नाही तर जमीनच वर उचलावी लागते. पुष्कळ जुन्या घरांत नंतर बांधलेल्या संडासात एक पायरी चढून जावे लागते, तिचे रहस्य हेच. ती पायरी शोभेची नव्हे, ती उताराला दिलेली खंडणी होय.

तेव्हा घरात देव्हारा कोठे मांडावा, पलंग कोठे ठेवावा, हे घरधनी ठरवतो. पण मोरी कोठे असावी हे घराबाहेरची वाट ठरवते. हा नियम फार जुना आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननाचा सर जॉन मार्शल यांनी संपादिलेला वृत्तांत १९३१ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्याचा पुरावा सापडतो. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या नगरात बहुतेक घरांना स्नानाची स्वतंत्र जागा होती. विटा उभ्या धरून, सांधे घट्ट बसवून तिची जमीन केलेली असे आणि तिला एका कोपऱ्याकडे उतार असे. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही जागा पुष्कळदा रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला लागून असे. भिंतीतल्या भोकातून पाणी बाहेर पडे आणि रस्त्यातल्या झाकलेल्या गटाराला मिळे. माडीवरचे पाणी खाली आणण्यासाठी भिंतीत मातीच्या भाजलेल्या नळ्या बसवलेल्या आढळल्या आहेत. विहिरी घरोघरी नसल्या तरी जवळजवळ होत्या. सगळ्या नगरात मिळून त्या सुमारे सातशे असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

हे वर्णन वाचून आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो वाटावाही. परंतु त्याच उत्खननात गटारांच्या कडेला वाळूगाळाचे लहान ढीगही सापडले. म्हणजे कोणी तरी ती झाकणे उचलीत होते, आत वाकत होते आणि साचलेला गाळ उपसून वर टाकीत होते. ते कोण होते, त्यांना मोबदला काय मिळे, ते नगराच्या कोणत्या भागात राहत, हे त्या विटा सांगत नाहीत. गटार उरले, ते साफ करणारा हात मात्र उरला नाही. पुढच्या इतिहासातही हाच प्रकार वारंवार दिसतो.

आता आपल्याकडे येऊ. मराठी भाषेने या विषयाचा इतिहास शब्दांत साठवून ठेवला आहे. 'परसाकडे जाणे' हा वाक्प्रचार घ्या. परस म्हणजे घरामागचे आवार. ज्या क्रियेला नावच जागेवरून पडले, ती क्रिया घरात होत नव्हती हे निराळे सांगायला नको. 'शेतखाना' या शब्दाचा शेताशी संबंध नाही. तो 'सेहतखाना', म्हणजे आरोग्याची जागा, या सभ्य फारशी शब्दाचा अपभ्रंश आहे. आणि 'मोरी' म्हणजे मुळात पाणी वाहून जाण्याची वाट; म्हणूनच रस्त्याखालून ओढ्याचे पाणी काढणाऱ्या लहान पुलालाही आपण मोरीच म्हणतो. वाट या अर्थाचा शब्द पुढे जागेलाच लागला. मोरी ही जागा नसून वाट आहे, हे आमच्या भाषेला ठाऊक होते. ते विसरलो आम्ही.

पेशवाईतल्या पुण्याने पाणी आणण्याचे काम मोठ्या हिकमतीने केले. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तेथून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरात खेळवण्यात आले. तलाव उंचावर, शहर सखल; पाणी केवळ उताराने येई. वाटेत जागोजाग उच्छ्वास उभारले होते. त्यांतून नळातील कोंडलेल्या हवेला वाट मिळे आणि दाबाला आवर बसे. काळा हौद, बदामी हौद असे हौद पेठांतून भरू लागले आणि शनिवारवाड्यात कारंजी उडू लागली. पाणी आत आणण्याची ही विद्या इतकी प्रगत. पण ते बाहेर काढण्याची? त्यासाठी उघडी गटारे होती, नागझरी होती आणि मुठेचे पात्र होते. मैल्यासाठी तर नळ नव्हताच. त्यासाठी माणूस होता.

वाड्याची रचना पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. दिंडीदरवाजा, ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, आणि सर्वांत मागे, परसाच्या टोकाला, बोळाकडे तोंड करून शेतखाना. तेथेच तो का असे? आमच्या मते त्याला तीन दोऱ्यांनी तेथे बांधून ठेवले होते. पहिली दोरी दुर्गंधीची. दुसरी सोवळ्याओवळ्याची. तिसरी दोरी फारशी कोणी सांगत नाही, पण सर्वांत बळकट तीच होती. मैला उचलायला येणाऱ्या माणसाला घरात पाऊल न टाकता, कोणाच्या दृष्टीस न पडता, मागच्या बोळातून टोपली ओढून घेता आली पाहिजे. संडासाची जागा घरातल्या माणसांच्या सोयीने ठरत नसे. ज्याला घरात यायचे नाही त्याच्या वाटेने ती ठरे.

जे मैल्याचे, तेच पाण्याचे. सार्वजनिक हौदांवर अस्पृश्य मानलेल्यांना पाणी भरता येत नसे. १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, तो सामाजिक क्रांतीचा प्रसंग म्हणून आपण वाचतो. तो नळकामाच्या इतिहासातलाही प्रसंग आहे. पाणी कोणाच्या दारापर्यंत जाते आणि घाण कोणाच्या दारावरून जाते, या दोन गोष्टी कळल्या की त्या गावाची समाजव्यवस्था निराळी सांगावी लागत नाही.

या तीन दोऱ्यांपैकी पहिली तोडली ती लंडनमधल्या एका घड्याळजीने. अलेक्झांडर कमिंग हा मूळचा स्कॉटलंडचा. १७७५ साली त्याने पाण्याने धुऊन जाणाऱ्या संडासाचे पेटंट घेतले. असा संडास त्यापूर्वीही सुचला होता. सर जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्येच त्याचे वर्णन छापले होते. कमिंगचे वैशिष्ट्य भांड्याखालच्या नळाला त्याने दिलेल्या नागमोडी वळणात आहे. त्या वळणात थोडे पाणी सदैव साचून राहते आणि गटारातली दुर्गंधी घरात येऊ देत नाही. आजही सर्वसाधारणपणे दोन इंच पाण्याचा हा पडदा आपले घर आणि शहराचे गटार यांच्यामध्ये उभा असतो. दोन इंच पाण्याने परसाचे अंतर भरून काढले! आपल्याकडच्या नळकामाच्या परिभाषेत जमिनीवरच्या अशा सापळ्याला 'न्हाणी ट्रॅप' म्हणतात. इंग्रजी तांत्रिक ग्रंथांतही हा न्हाणी शब्द तसाच शिरला आहे, ही आमच्या न्हाणीघराला मिळालेली छोटीशी दादच म्हणावी.

परंतु दुर्गंधी अडली म्हणजे घाण नाहीशी झाली असे नव्हे. लंडनमध्ये घराघराखाली मैल्याचे खड्डे होते. ते रात्री उपसणारे कामगार असत. १८१५ नंतर घरचा मैला पावसाच्या गटारात सोडण्याची मुभा मिळाली. १८४८ नंतर तशी सक्तीच झाली. घरे स्वच्छ होत गेली आणि थेम्स नदी काळी पडत गेली. त्याच नदीचे पाणी पुष्कळ लोक पीत होते.

१८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची भयंकर साथ आली. सहाशेहून अधिक माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे शोधून सगळा संशय एका सार्वजनिक पंपावर आणला. पुढे रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड यांनी चौकशी नेटाने चालवली, तेव्हा मूळ सापडले. पंपाशेजारच्या चाळीस क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल आजारी पडून दगावले होते. त्याच्या आईने दुपटी धुतलेले पाणी तळघरातल्या खड्ड्यात ओतले होते. खड्ड्याच्या विटा कुजल्या होत्या, आणि तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्या आत होता. त्या आईचा काय दोष? तिने जवळच्या मोरीत पाणी टाकले, एवढेच. मोरीची जागा चुकली होती. तीन फुटांच्या चुकीने सहाशे माणसे गेली.

यानंतरही पार्लमेंटला जाग यायला १८५८ चा उन्हाळा उजाडावा लागला. नदीला इतकी दुर्गंधी सुटली की सभागृहाचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवून लावावे लागले. मग मात्र पैसा झटपट मंजूर झाला. जोसेफ बॅझलजेट यांनी नदीच्या दोन्ही काठांनी मोठी गटारे बांधून सगळा मैला शहराच्या पूर्वेला नेला; १८६५ साली त्या योजनेचे उद्घाटन झाले. मध्य लंडन सुटले. पण मैला तेथेही नाहीसा झाला नव्हता. तो खाली सरकला होता. ३ सप्टेंबर १८७८ रोजी 'प्रिन्सेस ॲलिस' ही प्रवासी बोट ह्याच गटारांच्या मुखांजवळ बुडाली. त्या घाण पाण्यात सहाशेहून अधिक माणसे मेली. जागा बदलणे आणि नाहीसे करणे यांतला फरक इतक्या क्रूरपणे क्वचितच कोणाला शिकवला गेला असेल.

मुंबईत हीच कथा निराळ्या वळणाने घडली. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले, १८७९ मध्ये तुळशीचे, १८९२ मध्ये तानशाचे. पाणी आले, पण आत आलेल्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट त्या मानाने फार सावकाश तयार झाली. मुंबई सपाट आणि समुद्राच्या पातळीला चिकटलेली. उतार मिळावा कोठून? म्हणून वरळीला लव्हग्रोव्हच्या ठाण्यावर मैला यंत्रांनी उपसून पुढे ढकलावा लागला. जेथे गटारे पोहोचली नाहीत तेथे टोपलीचे संडास राहिले, आणि ते साफ करणाऱ्या हलालखोरांच्या नावाने नगरपालिका घरमालकांकडून 'हलालखोर कर' घेऊ लागली.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात एका शब्दाची व्याख्या दिलेली आहे, ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तो शब्द म्हणजे 'हाउस गल्ली'. दोन इमारतींच्या पाठींमध्ये ठेवलेली जी चिंचोळी पट्टी गटार म्हणून वापरली जाते, किंवा जिच्यातून संडास साफ करणाऱ्यांना आत जाता येते, तिला कायद्याने हे नाव दिले. आम्ही वर जिला तिसरी दोरी म्हटले, तिची ही कायदेशीर नोंद होय. वाड्याचा बोळ मुंबईत येऊन कायद्याच्या पुस्तकात बसला. जुन्या मुंबईत अशा गल्ल्या आजही आहेत. बाहेरच्या भिंतींवरून नळांची जाळी उतरते, वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो, आणि खाली कोणी तरी तो काढीत असते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग दिसला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारी डॉक्टरांच्या मनात गटारातली दुर्गंधी हेच रोगाचे मूळ होते. म्हणून गटारे धुतली गेली, चुना आणि कार्बोलिक ओतले गेले. प्लेगचे कारण उंदरांवरच्या पिसवा हे पुढे सिद्ध झाले. निदान चुकले, पण त्या धास्तीने १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या फोडून रस्ते काढले गेले आणि हवा व उजेड यांना नियमांत जागा मिळाली. खोट्या कारणाने खरे काम झाल्याचे असे प्रसंग आरोग्याच्या इतिहासात बरेच आहेत.

चाळींतली मोरी या साऱ्या इतिहासाचे लहान रूप आहे. १९२० साली स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या, बी. डी. डी. चाळी म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, तिच्यात मोरी, आणि संडास मजल्यावर सामाईक. घरात आली ती न्हाण्याची मोरी. संडास दाराबाहेरच राहिला. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभे राहणे हा गिरणगावच्या कित्येक पिढ्यांचा दिनक्रम होता. म्हातारी माणसे, गर्भारशी, रात्री-अपरात्री भ्यालेली मुले, यांच्या हालांची नोंद कोणत्याही अहवालात पुरेशी झालेली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पुनर्विकसित इमारतींतील पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. संडासाला दाराच्या बाहेरून आत यायला शंभर वर्षे लागली.

आता आपल्या विवेचनाच्या गाभ्याशी येऊ. नळ आणि गटार आले म्हणजे टोपली आपोआप जाईल, असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही. गटारे मोठ्या शहरांत आणि तीही श्रीमंत वस्त्यांत आधी पोहोचली. बाकी सर्वत्र माणसाच्या डोक्यावरची पाटी राहिली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईचे काम आपल्याला करू द्यावे अशी मागणी केली. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही असे उत्तर मिळाले. त्यांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपवास आरंभला. तेव्हा सरकार नमले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी हाताने मैला उचलावा लागणार नाही असे संडास बसवून दाखवले. एका विद्वान माणसाने आयुष्याची इतकी वर्षे या विषयाला द्यावीत, हे तेव्हा पुष्कळांना चमत्कारिक वाटे. आम्हांला चमत्कारिक वाटते ते बाकीच्या विद्वानांचे मौन.

१९४९ साली मुंबई सरकारने वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. डोक्यावरून मैला वाहून नेण्याची पद्धत बंद करावी, असे तिने सांगितले. केंद्र सरकारने नेमलेल्या मलकानी समितीने १९६० मध्ये तेच सांगितले. कायदा व्हायला मात्र १९९३ साल उजाडले, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ गटारांतले मृत्यू थांबलेले नाहीत. पहिली दोरी कमिंगच्या वळणाने तुटली, तिसरी नळाने सैल झाली. पण दुसरी, सोवळ्याओवळ्याची, तुटली नाही. ती जमिनीखाली गेली. पूर्वी जी जात मागच्या बोळातून येई, तिलाच आज आम्ही झाकण उघडून खाली उतरवतो, आणि तो दिसत नाही म्हणून आपला समाज सुधारला असे समजतो.

पुण्याला या साऱ्याची आठवण एकदा एकाच दिवसात झाली होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने १८७९ साली पुरे झालेले खडकवासल्याचे धरणही फोडले. नदीकाठचे वाडे कोसळले आणि घरोघरचे नळ कोरडे पडले. ज्या विहिरी आणि हौद लोक विसरले होते, त्यांच्याकडे पुन्हा बादल्या घेऊन जावे लागले. नळ फिरवला की पाणी येते आणि साखळी ओढली की घाण जाते, या दोन्ही गोष्टींना आपण निसर्गनियम समजत होतो. दोन्ही गोष्टी माणसांनी बांधलेल्या आणि माणसांनी सांभाळलेल्या व्यवस्था आहेत, हे चिखलाने भरलेल्या पेठांनी दाखवून दिले.

त्यानंतरच्या काळात वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, १९६३ चा सदनिका-मालकीचा कायदा यांनी एका छपराखाली अनेक मालक ही नवी रीत बसवली. येथे आमच्या विषयाला नवे परिमाण मिळाले. वाड्यात मोरीखाली माती असे. सदनिकेत मोरीखाली शेजाऱ्याचे छत असते. म्हणून न्हाणीघराखालचा स्लॅब सुमारे फूटभर खोलगट घालतात, त्यात नळ बसवतात, पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. खालच्या मजल्यावर न्हाणीघराखाली न्हाणीघरच असावे, स्वयंपाकघर किंवा निजायची खोली येऊ नये, असा बांधकामाच्या नियमांचा रोख असतो. यात कायद्याचा जुलूम नाही. यात ब्रॉड स्ट्रीटचा धडा आहे.

तरीही घर सजवताना पहिला हातोडा नेमका याच नियमावर पडतो. भांडे उभ्या नळापासून दूर जाते. उतार पुरत नाही. हवेचा नळ जोडायचा राहून जातो. मग पाणी सुटले की ते जाता जाता सापळ्यातले पाणीही ओढून नेते आणि दोन इंचांचा तो पडदा नाहीसा होतो. कात्रजच्या नळावर ज्यांनी उच्छ्वास बांधले, त्यांना नळालाही श्वास लागतो हे कळत होते. अडीचशे वर्षांनी आम्ही तो श्वास खर्च वाचवण्यासाठी बंद करतो. कोब्याला तडा जातो, खालच्या छतावर ओल उमटते, आणि दोन शेजारी बोलेनासे होतात. चाळीत सामाईक संडासावरून भांडणारे लोक निदान एकमेकांना रोज भेटत तरी असत.

आमच्या घराचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्या वयस्कर कारागिरांनी पट्टी आणि पाणसळ लावून आम्हांस जमिनीची खोली मोजून दाखवली. ती पुरत नव्हती. आम्ही भांडे होते तेथेच ठेवले. हात धुण्याचे भांडे मात्र हलवले, कारण त्याचे पाणी साधे आणि नळ लहान. त्याला तेवढा उतार मिळाला. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली. नळाच्या वळणावर उघडता येईल असे झाकण ठेवा, म्हणजे तुंबले तर वरून काठी घालता येईल, कोणाला हात घालावा लागणार नाही. सबंध कामात सर्वांत स्वस्त वस्तू तीच होती, आणि आमच्या कागदावर तीच नव्हती.

मोरीची जागा बदलताना तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस आता वाटते. हिच्या खाली कोण राहते? ही तुंबली तर कोण आणि कशाने साफ करणार? आणि येथून निघालेले पाणी शेवटी कोणाच्या दारात जाणार? घराला हे तीन प्रश्न लागू पडतात, तसेच नगराला आणि राष्ट्रालाही. यांची उत्तरे ज्याच्याजवळ नाहीत त्याने भिंतींना खुशाल रंग द्यावा, पण मोरीला हात लावू नये.